लक्षद्वीपला जाणं अवघड आहे, ते तसंच राहू दे

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले. पांढऱ्या वाळूवर खुर्ची टाकून बसलेले आणि पाण्यात तोंड बुडवून मासे बघतानाचे त्यांचे फोटो सगळीकडे झळकले. मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी त्यावर नको ते लिहिलं आणि चार दिवसांत आपल्याकडे 'मालदीवला जाऊ नका, लक्षद्वीपला जा' अशी लाट आली. त्या लाटेचा फेस आमच्या नात्यातही पोचला. तेव्हापासून दर सुट्टीच्या आधी मला फोन येतात, कारण २०१५ साली आम्ही दोघं तिथे जाऊन आलो होतो आणि आमच्या गोतावळ्यात तिथे गेलेले आम्हीच. प्रश्न ठरलेले असतात. किती दिवस लागतात, खर्च किती येतो, आणि तिसरा म्हणजे, 'काकू, हे एवढं अवघड का करून ठेवलंय हो?'

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आता जुनी झाली असतील. तिसऱ्याचं मात्र सविस्तर द्यावंसं वाटतं, म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. अवघड आहे ते चांगलं आहे, आणि ते तसंच राहावं.

अवघड म्हणजे काय, तर तिथे जायला भारतीय माणसालाही परवाना लागतो. तो मिळाला की कोची गाठायचं आणि तिथून छोटं विमान नाहीतर जहाज. विमान उतरतं ते अगत्ती बेटावर. तिथली धावपट्टी जेमतेम बारा-तेराशे मीटरची, कारण बेटच तेवढं. आम्ही जहाजाने गेलो. 'समुद्रम' नावाची पाच दिवसांची सरकारी सहल होती. रात्री जहाज चालायचं, दिवसा बेट बघायचं, झोपायला परत जहाजात. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं. जहाज बेटापासून लांब खोल पाण्यात थांबतं. त्याच्या कुशीतलं एक दार उघडतात आणि खाली एक लहान होडी लाटेबरोबर कमरेएवढी वर येते आणि तेवढीच खाली जाते. दोन तरणीताठी मुलं आपले दंड धरतात आणि होडी वर आली की 'आता' म्हणतात, तेव्हा पाय टाकायचा. माझं माहेर मालवणचं, होडी मला नवी नाही. पण हे देशावरचे, साताऱ्याचे. त्यांचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते मी इथे लिहिणार नाही, तेही हा ब्लॉग वाचतात :)

पण एकदा का होडी प्रवाळाच्या कड्यातल्या फटीतून आत शिरली की सगळं बदलतं. बाहेर काळंनिळं पाणी, लाटा, फेस. आत पाणी असं की जणू काचेच्या बशीत फिकट हिरवं सरबत ओतून ठेवलंय. तळाची वाळू दिसते, होडीची सावली तळावर पळताना दिसते.

शाळेत मी भूगोल शिकवायची. प्रवाळाचे तीन प्रकार, अनुतट, अवरोधक आणि कंकणाकृती, हे मी किती वर्षं फळ्यावर काढले त्याची गणती नाही. कंकणाकृती काढायला सगळ्यांत सोपा. खडूने एक वर्तुळ काढायचं, आत निळा रंग, कडेला दोन हिरवे ठिपके. आतल्या पाण्याला पुस्तकात 'खाजण' म्हणत. कोकणातल्या माणसाला हा शब्द ऐकून हसू येतं, कारण आमच्याकडे खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याची चिखलाची जमीन, गुडघाभर रुतायची. म्हणून मी आपली लगूनच म्हणते. ते फळ्यावरचं वर्तुळ तिथे प्रत्यक्ष दिसलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी फळ्यावर कधी आली नव्हती. प्रमाण! लक्षद्वीपची सगळी जमीन एकत्र केली तर भरते ३२ चौरस किलोमीटर. लगूनचं पाणी मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. म्हणजे बेटं ही त्या वर्तुळाच्या कडेला सांडलेले वाळूचे कण आहेत. बेटं छत्तीस मोजतात, त्यातल्या जेमतेम दहावर कायमची वस्ती आहे. समुद्रसपाटीपासून उंची काही मीटरच. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून तिथला सगळ्यांत उंच माणूस खालीच दिसेल.

आणखी एक गंमत, माझ्या विद्यार्थ्यांना ही नक्की आवडली असती. १८४२ च्या आपल्या पुस्तकात डार्विनने मांडलं की अशी कंकणं बुडत्या ज्वालामुखीच्या डोक्यावर तयार होतात. डोंगर हळूहळू खाली जातो, प्रवाळ उजेडासाठी वर वर बांधत राहतो, शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि कडं उरतं. लक्षद्वीपच्या खाली जी बुडालेली डोंगररांग आहे ती, शास्त्रज्ञ मानतात की, त्याच तप्त स्थानाने मागे सोडलेली आहे ज्याने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्हा ओतला. म्हणजे आमच्या घराच्या गॅलरीतून दिसणारा अजिंक्यतारा आणि कवरत्तीच्या तळाखालचा खडक एका चुलीवरचे. हे मी जहाजात यांना सांगितलं तर म्हणाले, 'सासर-माहेर एकच निघालं म्हणायचं तुझं.' असो.

आता मुद्द्यावर येते. वाळूचा कण एवढासा असताना त्यावर माणसं किती? २०११ च्या जनगणनेत सुमारे ६४ हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त. त्याच जनगणनेत आपल्या महाराष्ट्राची घनता ३६५ होती. लोकांना वाटतं लक्षद्वीप म्हणजे ओस पडलेले किनारे. फोटोत तसंच दिसतं, कारण फोटो निर्मनुष्य टोकावर जाऊन काढतात. प्रत्यक्षात मध्ये घराला लागून घर आहे, नारळ आहेत, शाळा आहेत, मशिदी आहेत, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुली आहेत.

आणि या सगळ्यांनी प्यायचं काय? नदी नाही, ओढा नाही, तलाव नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरावी तसं. खारं पाणी जड आणि गोडं हलकं, म्हणून हे जमतं. विहिरीत मिळते ती ही साय. हळुवार काढली तर वर्षभर पुरते. पंप लावून जोराने ओढली की खालचं खारं पाणी वर येतं आणि एकदा आलं की लवकर हटत नाही. शिवाय प्रत्येक घराचा संडासाचा खड्डा आणि विहीर यांच्यात अंतर किती असणार, एवढ्याशा जागेत? २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. खोल समुद्रातलं थंड पाणी वर आणून त्याने वाफ थंड करायची, रोज लाखभर लिटर गोडं पाणी. फार हुशारीचं काम आहे, आपल्या शास्त्रज्ञांनी केलेलं, आणि नंतर ते इतर बेटांवरही नेलं. पण लाखभर लिटर म्हणजे किती? कवरत्तीची वस्तीच दहा हजारांच्या वर. भागा म्हणजे कळेल. त्यात पर्यटक आला की तो दिवसातून तीनदा अंघोळ करणार, समुद्रातून आल्यावर, जेवणाआधी आणि झोपताना. मी स्वतः केल्या आहेत, पण जहाजावर.

म्हणून ती जहाजाची सहल मला शहाणपणाची वाटली. माणसं दिवसा येतात, बघतात, पोहतात, जेवतात, पैसे देतात आणि संध्याकाळी आपल्या अंथरुणासकट समुद्रात परत जातात. बेटाच्या विहिरीवर त्यांचा भार फारसा नाही. आमच्यातले एक गृहस्थ कुरकुरत होते, की 'रात्रीचं बेट बघायलाच मिळालं नाही.' नाही मिळालं. सगळंच मिळायला हवं का?

२०२३ मध्ये एका मोठ्या हॉटेल कंपनीने सुहेली आणि कदमत बेटांवर दोन रिसॉर्ट जाहीर केली. काही खोल्या किनाऱ्यावर, काही थेट लगूनच्या पाण्यात खांब रोवून. मालदीवमध्ये असतात तशा. खोलीतून पायऱ्या उतरल्या की पाण्यात. चित्रात फार सुरेख दिसतात. पण मालदीव हे हजाराहून जास्त बेटांचं राष्ट्र आहे आणि तिथे बहुतेक ठिकाणी एक अख्खं निर्मनुष्य बेट एका हॉटेलला देऊन टाकण्याची पद्धत आहे. आपल्याकडे एवढी बेटं आहेत कुठे?

माझा पुतण्या वाद घालण्यात पटाईत. तो म्हणतो, 'काकू, प्रवाळ मरतंय ते समुद्र तापल्यामुळे. पर्यटकांचा काय संबंध?' त्याचं अर्धं बरोबर आहे, ते आधी सांगते. प्रवाळ म्हणजे झाड नव्हे आणि दगडही नव्हे. छोटे छोटे प्राणी, आपल्या अंगाभोवती चुन्याचं घर बांधणारे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, ते उन्हातून अन्न बनवतं आणि भाडं म्हणून घरमालकाला देतं. रंगही बराचसा त्याचाच. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाददुसरा अंश जास्त तापलं की हे भाडेकरू बाहेर पडतात, प्रवाळ पांढरंफटक पडतं, आणि ताप उतरला नाही तर उपाशी मरतं. लक्षद्वीपमध्ये असं मोठ्या प्रमाणावर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये झालं. अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या प्रवाळाचा चोवीस वर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात जिवंत प्रवाळाचं प्रमाण १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के होतं, ते २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे निम्मं, आणि ते २०२४ च्या आधीच. यात कुणाही पर्यटकाचा पाय लागलेला नाही, हे मान्य.

पण त्या वर्षांमधली अंतरं बघा. बारा, सहा, आठ. आजारी माणसाला दोन तापांच्या मध्ये अंगात थोडं रक्त भरायला वेळ लागतो. प्रवाळालाही पहिली काही वर्षं विशेष काही जमत नाही, मग कुठे वाढीला वेग येतो. अशा माणसाला तुम्ही काय करता? त्याच्या उशाशी बँड लावता? लगूनमध्ये खांब रोवले, बोटींसाठी वाळू उपसली, की पाण्यात गाळ उठतो आणि प्रवाळावर बसतो, त्याला ऊन मिळत नाही. सांडपाणी गेलं की नको ती शेवाळं माजतात आणि नव्या प्रवाळाला बसायला जागा राहत नाही. समुद्राचा ताप आपल्या हातात लगेच नाही. उशाशी गोंगाट न करणं मात्र आहे.

हे नुसतं सौंदर्याचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. ते कडं म्हणजे बेटाचा बांध आहे. समुद्राची लाट तिथे फुटते म्हणून आतलं बेट टिकतं. प्रवाळ मेलं की कडं हळूहळू झिजतं, लाट आत येते, वाळू नेते. बंगारामच्या वलयातलं परळी-१ नावाचं छोटं निर्मनुष्य बेट झिजत झिजत नाहीसं झालं, असा अभ्यास २०१७ मध्ये जाहीर झाला. नाहीसं म्हणजे पूर्ण.

मिनिकॉयला तर पोटाशीच संबंध आहे. तिथली मंडळी वेगळी. भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीची बहीण, लिपी उजवीकडून डावीकडे. घर बाईच्या नावाने चालतं, पुरुष बरेचसे जहाजांवर किंवा ट्यूना धरायला. त्यांची मासेमारी बघण्यासारखी असते. आधी लगूनमधल्या प्रवाळाजवळची बोटाएवढी मासळी धरायची, ती जिवंत ठेवायची, बाहेर समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ती मूठमूठ फेकायची आणि लांब काठीला लावलेल्या गळाने एकेक ट्यूना होडीत उडवायचा. मोठं जाळं नाही, नको तो मासा मरत नाही. पण प्रवाळ नाही तर बारीक मासळी नाही, ती नाही तर ट्यूना नाही. मालवणच्या मुलीला हे समजायला भूगोलाची पदवी लागत नाही.

मालवणचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर आपल्या महाराष्ट्राचं थोडंसं प्रवाळ आहे. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. माझ्या लहानपणी त्याला कुणी विचारत नव्हतं. आता होड्या भरभरून माणसं येतात, तोंडाला नळी लावून पाण्यात वाकतात, मासे जवळ यावेत म्हणून पाव कुस्करून टाकतात. माझ्या भाच्यांची घरं या धंद्यावर उभी राहिली, मुलं मुंबईला न जाता गावात राहिली. त्याचा मला आनंदच आहे, हे त्यांनी वाचताना लक्षात ठेवावं. पण कुणाची होडी कुठे नांगर टाकते, खाली दगड आहे की प्रवाळ, हे बघायला कुणाला सवड नसते, मे महिन्यात तर नाहीच. हे आपल्या डोळ्यांसमोर झालं. मुख्य जमिनीवर, जिथे माणूस मागे सरकू शकतो. बेटावरचा माणूस कुठे सरकणार?

पुतण्याचा दुसरा मुद्दा जास्त टोचणारा होता. 'तुम्ही जाऊन आलात, आता बाकीच्यांना दार लावा म्हणता.' दार लावा म्हणत नाही. दार लहान आहे ते मोठं करू नका म्हणते. रांगेत उभं राहायला लागलं तर राहा. आम्हीही पहिल्या वर्षी जागा मिळाली नाही म्हणून दुसऱ्या वर्षी गेलो.

पण खरी अडचण पुतण्याची नाही, तिथल्या माणसाची आहे, आणि तिचं उत्तर माझ्याकडे इतकं सोपं नाही. कल्पेनीला आमच्यासारखेच एक निवृत्त मास्तर भेटले. त्यांनी शहाळी दिली. मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत तासभर गप्पा झाल्या. मी त्यांना म्हटलं, 'तुमचं बेट असंच राहू दे.' ते हसले आणि म्हणाले, 'तुम्हाला इथे यायला परवाना लागतो. आम्हाला इथून बाहेर पडायला हवामान लागतं.' त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात अडचण आली तेव्हा कोचीला न्यायचं ठरलं आणि पावसामुळे हेलिकॉप्टर दीड दिवस आलं नाही. सून वाचली. ते पुढे बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

तेव्हापासून 'असंच राहू दे' हे वाक्य मी जपून वापरते. असंच म्हणजे काय? पाणी, प्रवाळ, नारळ असेच राहू देत. दवाखाना असाच नको, जहाजाच्या तिकिटासाठी ताटकळणं असंच नको, शिकलेल्या मुलाने नोकरीसाठी कोचीला जाऊन बसणं असंच नको. गंमत अशी की 'विकास' म्हटला की या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत घालून पुढे करतात. हॉटेल घ्या म्हणजे दवाखाना मिळेल! का बरं? दवाखाना तर त्यांना नागरिक म्हणूनच मिळायला हवा. २०२१ मध्ये प्रशासनाने नवे नियम आणायचं ठरवलं, त्यात विकासासाठी लोकांच्या जमिनी घेण्याचे मोठे अधिकार होते. जून महिन्यात बेटांवरच्या लोकांनी घराघरात बारा तासांचा उपास केला. मोर्चा नाही, दगडफेक नाही. उपास. त्यांना सुधारणा नको होती म्हणून नव्हे, त्यांना विचारलं नव्हतं म्हणून.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की त्यांचं येणं-जाणं सोपं करा, आपलं अवघडच ठेवा. जास्तीची जहाजं आली तर पहिल्या जागा त्यांच्या. बेटावर राहायचंच असेल तर तिथल्याच माणसाच्या घरातली एखाददुसरी खोली असावी, पैसेही त्याच घरात जावेत, आणि किती खोल्या हे विहिरीने ठरवावं. पुतण्या म्हणतो, हे सगळं कागदावर ठीक. असेल. पण पाण्यातले खांबही आधी कागदावरच होते.

ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं लिहिते. पावसाळा सोडून जा, ऑक्टोबर ते एप्रिल बरं. सरकारी सहल घेतली तर परवान्याचं तेच बघतात. सोळा जणांचा घोळका करू नका (हे कुणासाठी आहे ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल). रबरी बूट न्या, पण ते वाळूत वापरायला, प्रवाळावर उभं राहायला नव्हे. दगडासारखं दिसतं तेही बहुतेकदा जिवंत असतं. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नका. २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाच्या पंक्तीला बसवलंय, परत येताना सामानात सापडला तर काढून घेतात आणि वर चौकशी. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुड्या नेल्या तशा परत आणा. बंगाराम सोडलं तर दारूबंदी आहे, ती पाळा. गावातून फिरताना अंगभर कपडे घाला, ती लोकांची आळी आहे, समुद्रकिनारा नव्हे.

आणायचंच असेल तर मिनिकॉयची सुकवलेली ट्यूना आणा. मासमीन म्हणतात तिला. लाकडासारखी कडक असते, किसून नारळात परतली की आपल्या सुक्या बांगड्याच्या तोंडात मारेल. डबा मात्र घट्ट झाकणाचा घ्या. आमच्या फ्रिजला दीड महिना वास होता, आणि हे अजून दुधाचा चहा पिताना मिनिकॉयची आठवण काढतात.